रथसप्तमीला छाटणी, पाडव्याला मोगरा: पुण्यातल्या घरच्या बागेत वसंताचा बहार कसा धरावा

मार्च उजाडला की पुण्यातल्या रोपवाटिका मोगऱ्याने भरून जातात. कळ्यांनी लगडलेली कुंडी बघून मोह आवरत नाही. ती घरी येते, पंधरा-वीस दिवस बाल्कनी दरवळते आणि मग झाड नुसतं हिरवं राहतं. पुढच्या मार्चमध्येही हिरवंच. मग खत बदललं जातं, माती बदलली जाते, कुणी सांगितलं म्हणून ताक घातलं जातं. बहुतेक घरांत खरी अडचण एवढीच असते की जानेवारी-फेब्रुवारीत त्या झाडाला कुणी हात लावलेला नसतो.

फळबागवाले शेतकरी ‘बहार धरणे’ म्हणतात. सांगोल्याचा डाळिंबवाला आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला बहार, धरायचा असेल तर थंडीत झाडाचं पाणी तोडतो, त्याला ताण देतो, मग छाटणी आणि खत उरकून पहिलं भरपूर पाणी सोडतो. पुरंदरच्या अंजीरवाल्यांचं तंत्रही याच जातीचं. बारा इंची कुंडीतल्या मोगऱ्याला हेच लागतं, फक्त प्रमाण लहान. थंडीत पाणी कमी झालं की झाडाची वाढ थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न फांद्यांत आणि मुळांत साठत जातं. नंतर छाटणी, खत आणि पाणी एकदम मिळालं की त्या साठ्यावर झाड एकाच वेळी सगळीकडून फुटतं. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकालाच येते. म्हणजे जितके नवे फुटवे, तितक्या कळ्या. वसंतातली बाग पाहायची असेल तर काम शिशिरात करावं लागतं, आणि पुण्याची हवा त्याला फार अनुकूल आहे: जानेवारीच्या रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, पाऊस नसतो, त्यामुळे ताण आपल्या हातात राहतो. कोकणातल्या दमट हवेत हे इतकं सहज जमत नाही.

तारीख कशी ठरवायची

छाटणीपासून मोगऱ्याची पहिली फुलं उमलायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. रथसप्तमी ते गुढीपाडवा हे अंतर, मध्ये अधिक मास आला नाही तर, बरोबर साडेसात आठवड्यांचं असतं. त्यामुळे रथसप्तमीला छाटणी हा मी अगदी पक्का धरलेला नेम आहे. 2026 मध्ये रथसप्तमी 25 जानेवारीला आणि पाडवा 19 मार्चला. 2027 मध्ये रथसप्तमी 13 फेब्रुवारीला आणि पाडवा 7 एप्रिलला. चंद्राची तारीख पुढे-मागे सरकते तसा आपला हिशोबही सरकतो, वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

थंडी लांबली तर फुटवे आठवडाभर उशिरा येतात, फेब्रुवारीतच ऊन तापलं तर लवकर. तेवढं झाडावर सोडून द्यावं. पाडवा चुकला तरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतं, आणि आंब्याची डाळ, पन्हं, ओटीतले हरभरे यांच्या जोडीला घरचा मोगरा तेव्हाही हवाच असतो.

ताण: छाटणीआधीचे दहा दिवस

रथसप्तमीच्या दहा-बारा दिवस आधी मोगऱ्याचं पाणी बंद करा. जमिनीतलं झाड असेल, आणि त्यातही पेठांपासून हडपसरपर्यंत सापडते तशी काळी माती असेल, तर तीन आठवडे आधी. काळी माती ओल फार धरून ठेवते. कुंडीचं मात्र रोज बघायला हवं. आठ इंची कुंडी चार दिवसांत कोरडी पडते, चौदा इंचीला दहा दिवस लागतात.

ताण पुरेसा झाला हे पानावरून ओळखायचं. मोगऱ्याचं निरोगी पान गर्द आणि चकचकीत असतं. ताण बसला की आधी ती चकाकी जाते, मग दुपारी पान किंचित खाली झुकतं आणि सकाळी पुन्हा उभं राहतं. एवढंच हवं. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळाली तर काळजी नको. सकाळीसुद्धा पान मलूल दिसलं, किंवा कोवळे शेंडे सुकायला लागले, तर ताण जास्त झाला. त्याच दिवशी पेलाभर पाणी देऊन छाटणी उरकून टाका.

नुकतं आणलेलं, वर्षाच्या आतलं रोप असेल तर त्याला ताण देऊ नका. त्याची मुळं अजून बसलेली नसतात. नुसते शेंडे खुडून सोडा.

छाटणी

सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, धार असू द्या. बोथट कात्रीने फांदी चेंगरते आणि चेंगरलेल्या टोकातून ती वाळत खाली येते. पात्याला स्पिरिट किंवा सॅनिटायझर पुसून घ्या, विशेषतः आधी दुसरं एखादं रोगट झाड कापलं असेल तर.

आधी वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा. मग उरलेल्या चांगल्या फांद्या निम्म्यावर आणा. कुंडीतलं झाड साधारण गुडघ्याएवढं राहिलं पाहिजे, जमिनीतलं मांडीएवढं. काप डोळ्याच्या (फांदीवर नवा फुटवा जिथून निघतो त्या जागेच्या) पाव इंच वर, थोडा तिरका, आणि तो डोळा बाहेरच्या बाजूला तोंड केलेला असावा. म्हणजे नवी फांदी बाहेर जाते आणि झाडाच्या मधल्या भागात ऊन-वारा खेळतो. शेवटी उरलेली पानंही हाताने ओरबाडून काढा.

इथे पुष्कळांचा हात आखडतो. हिरवंगार झाड बोडकं करायचं म्हणजे जीवावर येतं, हे मला समजतं. पण अर्धवट, नुसते शेंडे कातरलेल्या झाडाला वरच्या वर चार फुटवे येतात आणि तेवढीच फुलं. मोगरा चिवट आहे. मूळ शाबूत असेल तर तो नक्की फुटतो.

कापलेल्या फांद्या टाकून देऊ नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या करून खालचे दोन डोळे मातीत जातील अशा लावा आणि सावलीत ठेवा. सगळ्या जगत नाहीत. पावसाळ्यात लावलेल्या जास्त जगतात. तरी शेजारी द्यायला दोन-तीन रोपं होतातच.

माती आणि खत

छाटणीच्याच दिवशी कुंडीतली वरची तीन इंच माती खुरप्याने मोकळी करा, निम्मी काढून टाका. काढलेल्या मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर तो बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. ती सगळी माती टाका. सुट्या झालेल्या जागी बारा इंची कुंडीला दोन-तीन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक मूठ निंबोळी पेंड आणि दोन चमचे बोनमील असं मिसळून भरा. शेणखत ओलसर, वास येणारं असेल तर ते अजून कच्चं आहे. कच्च्या शेणखताने मुळं पोळतात आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

दोन वर्षांवर कुंडी बदललेली नसेल तर हीच वेळ. झाड मातीच्या गोळ्यासकट काढा, कुंडीच्या कडेने गोल फिरलेली मुळं चाकूने इंचभर छाटा, आणि निम्मी पोयटा माती, पाव भाग शेणखत, उरलेलं कोकोपीट आणि थोडी जाडी वाळू अशा मिश्रणात पुन्हा लावा. नुसती लाल माती भरली तर चैत्रात ती विटेसारखी घट्ट होते.

आता पहिलं पाणी. हळूहळू, कुंडीच्या खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. दहा मिनिटांनी परत एकदा. ताणलेली माती कडेने सुटलेली असते आणि पहिलं पाणी नुसतंच बाजूने वाहून जातं. दुसऱ्यांदा ते आत मुरतं. यानंतर ताण संपला. पुढे माती कधीही पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही.

साधारण दहा-बारा दिवसांनी उघड्या फांदीवर पानांच्या जुन्या खुणांशेजारी तांबूस-हिरवे ठिपके सुजायला लागतात. हे धुमारे दोन इंचांचे झाले की दर पंधरा दिवसांनी पातळ शेणस्लरी किंवा एकास दहा पाणी घातलेलं जीवामृत द्या. युरिया देऊ नका. त्याने लांबलचक, पोकळ फांद्या आणि मोठमोठी पानं येतात, कळी रुसते.

पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर लोह कमी पडतंय. पुण्याची चुनखडीयुक्त काळी माती आणि बोअरचं जड पाणी यांच्यामुळे हे फार घरांत दिसतं. मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरवड्याने पुन्हा. भिंतीवर, फरशीवर उडू देऊ नका; डाग जात नाहीत.

कुणाला आधी कापायचं, कुणाला नंतर

मोगऱ्याच्या उत्साहात सगळ्याच बागेवर कात्री चालवाल तर वसंत हुकेल. कारण सगळी झाडं नव्या फुटव्यावर फुलत नाहीत.

निळमणी वेल हे ठळक उदाहरण. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्यावर जांभळ्या-निळ्या तुऱ्यांचे झुबके लोंबतात. जवळून बघा: आतलं गडद जांभळं फूल दोन-चार दिवसांत गळतं, पण बाहेरची फिकट निळी चांदणी तशीच राहते, म्हणून वेल तीन आठवडे फुललेली वाटते. तिच्या कळ्या थंडीत जुन्या फांद्यांवर तयार होतात. जानेवारीत छाटलीत तर तुम्ही स्वतःच्या हाताने फुलं कापून टाकता. तिची छाटणी बहार संपल्यावर, एप्रिलमध्ये. कांचनाचंही तसंच.

कुंदाचा हंगाम थंडीतला. पौष-माघात तो पांढरा होतो, फाल्गुनात ओसरतो. ओसरला की छाटा, मोगऱ्याबरोबर नको.

बोगनवेलीला ताण सगळ्यात मानवतो. पाणी मोजकं, कुंडी थोडी अडचणीची आणि दिवसभर ऊन, एवढ्यावर ती जानेवारीपासून मेपर्यंत रंगत राहते. रंगीत दिसतात ती पानं. खरं फूल मधोमध, पांढरं, नळीसारखं, बोटाच्या नखाएवढं. एक बहर सुकला की तुऱ्याखालची वीतभर फांदी कापा, आठवडाभर पाणी कमी करा, परत रंगते. हिरवी-हिरवी वाढत असेल तर तिला तुम्ही फार लाडावलंय.

गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरात झालेली असते. एम्प्रेस गार्डनला प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा पुण्यातला गुलाब ऐन भरात असतो. फेब्रुवारीत फक्त सुकलेली फुलं काढायची, खाली येत पहिलं पाच दलांचं पान सापडेल तिथे, त्याच्या वर. कलमाच्या गाठीखालून वेगळ्याच रंगाची, बारीक पानांची जोरदार फांदी आली असेल तर ती रानटी खुंटाची आहे, मुळाशी जाऊन उपटा. मार्चनंतर फुलं लहान येणारच, त्याला इलाज नाही.

जाई-जुईचा खरा जोर पावसाळ्यात. त्यांची वाळकी काटकी या दिवसांत साफ केलीत तरी पुरे.

कंदवाल्या लिली

केशरी-लाल, पांढऱ्या पट्ट्याची मोठी लिली अनेक जुन्या वाड्यांत आणि बंगल्यांत असते. तिला डिसेंबर-जानेवारीत विश्रांती द्या, पाणी जवळजवळ बंद. फेब्रुवारीच्या मध्याला कंदाच्या भोवतीची माती हलकी करून, मूठभर गांडूळखत घालून पाणी सुरू करा. कंदाची मान मातीच्या वर राहू द्या. पूर्ण पुरलेला कंद कुजतो किंवा फुलत नाही. मार्च-एप्रिलमध्ये आधी जाड, पोकळ दांडा वर येतो, पानं पुष्कळदा मागाहून. फूल गेल्यावर दांडा कापा, पानं ठेवा. पुढच्या वर्षीचं फूल तीच पानं कंदात भरत असतात.

हंगामी फुलं: जी आहेत ती टिकवा, जी जातील त्यांची जागा भरा

पिटुनिया, फ्लॉक्स, डायँथस, पॅन्सी, नॅस्टर्शियम ही मंडळी थंडीची. ऑक्टोबरात लावलेली असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत गच्ची रंगीत असते. सुकलेलं फूल रोज खुडलंत तर बी धरण्यात त्यांची ताकद जात नाही आणि ती मार्चच्या मध्यापर्यंत ओढतात. पिटुनिया लांबट झाला तर निम्मा कापून पातळ खत द्या, एक बहर आणखी मिळतो. पॅन्सीवर मेहनत घेऊ नका, ती उन्हाला टिकत नाही.

फेब्रुवारीत रोपवाटिकेत गेलात तर फुललेला पिटुनिया स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. तो महिन्याभराचा सोबती. त्याऐवजी झिनिया, गॅलार्डिया, कॉसमॉस आणि बटणफुलाचं बी पेरा. पंधरा फेब्रुवारीच्या आसपास पेरलेली झिनिया एप्रिलच्या सुरुवातीला फुलते आणि उन्हाला घाबरत नाही. ऑफिस टाइमची, म्हणजे पोर्टुलाकाची, बोटभर काडी तोडून ओलसर मातीत खुपसली तरी लागते. ज्यांच्या बाल्कनीत दुपारचं कडक पश्चिमेचं ऊन येतं आणि बाकी सगळं होरपळतं, त्यांनी ऑफिस टाइमच लावावं, भरपूर रंगांत. पुण्यात एवढ्या मोठ्या प्रमाणावर रोपं हवी असतील तर सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला रोपवाटिकांची रांगच आहे. एखाद्या सकाळी जाऊन यावं.

मार्चचं ऊन

फाल्गुनात पुण्याची हवा अचानक बदलते. दुपारी पारा पस्तिशी गाठतो, वारा कोरडा होतो आणि रात्र मात्र अजून गार असते. नेमक्या याच वेळी मोगऱ्याच्या फुटव्यांवर मोहरीएवढ्या कळ्या दिसायला लागतात. एक दिवस पाणी चुकलं तरी त्या पिवळ्या पडून गळतात, म्हणून सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायचं.

पाणी सकाळी, ऊन चढायच्या आत. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा, कोरडं लागलं तर द्या. मार्च अखेरीस लहान कुंड्यांना संध्याकाळीही लागेल. गच्चीवरच्या पाइपमध्ये उन्हात राहिलेलं पाणी चटका बसण्याएवढं तापतं, ते आधी बादलीत सोडून द्या. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका: मुळंही कुजतात आणि डासही होतात.

मातीवर दोन इंच आच्छादन करा. वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्या, काहीही चालतं. मार्चमध्ये रसवंत्या सुरू होतात, तिथलं उसाचं चिपाड फुकट मिळतं आणि उत्तम काम करतं. मात्र ते दोन दिवस कडक उन्हात वाळवून, हाताने पिंजून मगच घाला, नाहीतर मुंग्यांची रांग लागते. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर बाजू तापत नाहीत. पश्चिमेला पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी जाळी लावा, पण मोगऱ्याला जाळीखाली घेऊ नका. त्याला पाच-सहा तास थेट ऊन हवंच.

कीड

कोवळ्या फुटव्यावर मावा येतो, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, आणि कोरड्या उन्हात मोगऱ्याच्या पानामागे लाल कोळी. कोळी डोळ्याला जेमतेम दिसतो. पान वरून धुरकट, बारीक ठिपक्यांचं दिसलं तर ते पांढऱ्या कागदावर झटकून बघा, ठिपके चालायला लागतील. तिघांवरही पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, पानाच्या खालून, सलग तीन-चार दिवस. नाही हटलं तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं द्रव साबण, नीट ढवळून, ऊन गेल्यावर. आठवड्याने परत. उमललेल्या फुलांवर फवारू नका, मधमाश्या तिथेच असतात.

मोगऱ्याच्या कळीला बारीक भोक आणि कळी जांभळट झालेली असेल तर आत अळी आहे. औषधापेक्षा अशा कळ्या रोज तोडून पिशवीत बांधून टाकणं जास्त उपयोगी. खाली पडलेल्याही उचला, अळी तिथून मातीत जाते.

फुलं काढणं आणि पुढचे बहर

गजऱ्यासाठी कळी संध्याकाळी काढतात. बटमोगऱ्याची कळी तयार झाली की गोलसर, टपोरी होते, हिरवट झाक जाऊन दुधी पांढरी दिसते आणि देठाशी किंचित सैल लागते. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार असते, ती आणखी एक दिवस थांबू शकते. कळ्या ओलसर सुती कापडात ठेवा, फ्रीजमध्ये नको. रात्री नऊ-दहाच्या सुमारास त्या उमलायला लागतात.

झाडावर फुलं सुकू देऊ नका. पहिला बहर ओसरला, साधारण एप्रिलच्या मध्याला, की प्रत्येक फुललेल्या फांदीचा शेंडा दोन पानांच्या जोड्या सोडून खुडा, मूठभर गांडूळखत आणि पाणी द्या. आता ताण नाही, पानं ओरबाडायची नाहीत. चार-पाच आठवड्यांत दुसरा बहर येतो, आणि पाऊस लागेपर्यंत पुष्कळदा तिसराही. पावसाळ्यात फुलं थांबतात, त्यात काही बिघडलेलं नसतं.

याच सुमाराला फ्लॉक्स, डायँथस आणि नॅस्टर्शियमचं बी पिकलेलं असतं. बोंड तपकिरी होऊन तडकायच्या आधी काढा, सावलीत वाळवा आणि कागदी पाकिटात भरून त्यावर नाव, रंग आणि वर्ष लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं बी पावसाळ्यात बुरशी धरतं. पाकिटं झाकणाच्या डब्यात, कोरड्या कपाटात ठेवली तर दसऱ्याच्या आसपास पेरायला तयार.